जवस प्यालेली जीप

आमच्या भागातल्या बऱ्याच मोठ्या माणसांना मी आधी त्यांच्या चपलांच्या तळव्यांवरून ओळखलं, चेहरे मागाहून पाहिले. मी जीपचा मिस्त्री. उमेदीचा बराचसा काळ मी जीपखाली उताणा पडून काढला आहे, आणि उताण्या माणसाला जग जसं दिसतं तसं उभ्या माणसाला कधी दिसत नाही. उभा माणूस चेहरा पाहतो. चेहरा आवरता येतो. ब्रेकच्या पेडलवर ठेवलेला पाय आवरता येत नाही.

माझं नाव रशीद. लोक नुसतं 'मिस्त्री' म्हणत. काम लवकर हवं असलं की 'रशीदभाई'. मेहकरला मोटार स्टँडच्या मागं माझं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्रा, एक बाभूळ आणि दोघांच्या सावलीत मावेल तेवढं सामान. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं, जिल्हा परिषद नवी होती, आणि मोठ्या शेतीवाल्यांच्या दारात जीप नव्यानं येऊ लागली होती. रस्ते मात्र आधीचेच होते. त्यामुळे माझं बरं चाललं होतं.

आता ब्रेकचं थोडं सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यातली आहे. जीपच्या ब्रेकला दोरी नसते. ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या आत, एक लहानशी टाकी असते. तिच्यातून चारही चाकांपर्यंत बारीक नळ्या जातात, आणि या सगळ्यांत ब्रेक ऑईल भरलेलं असतं. पेडल दाबलं की ते ऑईल चाकातल्या रबरी वाट्यांना ढकलतं, वाट्या ब्रेकच्या पट्ट्यांना ढकलतात आणि गाडी उभी राहते. सगळी करामत एवढीच, की ऑईल दबत नाही. हवा दबते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पाय फळीपर्यंत जातो, गाडी जात होती तशीच जात राहते, आणि मधल्या वेळात आतल्या माणसाची देवावरची श्रद्धा वाढते.

ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकाखाली. खालचा म्हणतो, "मार." वरचा पेडल दोन-चार वेळा मारतो. खालचा म्हणतो, "धर." वरचा पेडल दाबून धरतो. मग खालचा चाकामागचा एक बारीक बोल्ट अर्धा फेरा सैल करतो, तिथं लावलेल्या नळीतून ऑईल आणि बुडबुडे काचेच्या बाटलीत येतात, पेडल हळूहळू तळाला जातं. बोल्ट पुन्हा आवळला की खालचा म्हणतो, "सोड." तोवर वरच्यानं पाय उचलायचा नाही. उचलला की बाहेर काढलेली हवा आल्या वाटेनं परत आत. लांबच्या चाकापासून सुरुवात करायची आणि जवळच्या चाकापर्यंत यायचं. बाटलीत बुडबुडा येईनासा झाला की झालं.

लोकांना वाटतं, अवघड काम खालच्याचं. खालचा फक्त पाना फिरवतो. वरच्याला मात्र तीन शब्द ऐकावे लागतात, आणि ज्यांच्या दारात जीप असते त्यांना ऐकायची सवय नसते.

साखरखेर्ड्याचे एक कापडवाले होते. दुकानासमोर भर रस्त्यात जीप उभी करून ते स्वतः पेडलवर बसले, आणि तो नेमका बाजाराचा दिवस. मी म्हणायचो, "धरा." ते धरायचे. तेवढ्यात रस्त्यावरून कोणी तरी म्हणायचं, "राम राम, शेठजी!" आता बसल्या बसल्या राम राम करणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. ते अर्धवट उठून हात जोडायचे. उठलं की पाय उचललेला. प्रत्येक राम रामाला हवा आत. गिऱ्हाईक जोडून ठेवण्यात त्या माणसाचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत जीपच्या नळीत सगळ्या बाजाराची हवा जमली होती. शेवटी मी त्यांच्या पाठीवर धोतरांचा एक गठ्ठा ठेवायला लावला.

दुसऱ्या एका गावी भजनी मंडळातले मृदंगवाले बुवा पेडलवर बसले. मी "मार" म्हटलं. त्यांनी ठेका धरला. तिसऱ्या चाकापर्यंत ते दुगणीत गेले होते. मी खालून "धर, धर" ओरडत होतो आणि भोवतीचे लोक माना डोलवत होते.

पण पेडलवरच्या माणसाचा एक गुण मला फार आवडायचा. तो बोलायचा. खाली मी, वर तो. त्याला माझा चेहरा दिसत नाही, मला त्याचा. हातांना काम नाही, पाय अडकलेला. अशा वेळी माणूस आपोआप बोलू लागतो. भावकीच्या कुरबुरी, जावयाचे गुण, कोणाला मत दिलं ते, सगळं मी चाकाखाली ऐकलं आहे. त्यातलं एकच सांगतो, कारण ज्यांचं आहे त्यांनीच ते पुढं गावासमोर सांगून टाकलं.

जानेफळच्या अलीकडं एक गाव आहे. तिथले बापूराव पाटील. मोठी शेती, मोठा आवाज, मोठ्या मिशा. मनही मोठं होतं, पण ते फारसं दाखवत नसत. त्यांचा मुलगा दिनकर अकोल्याला कॉलेज करून आला आणि त्यानं हट्टानं जीप घ्यायला लावली. त्याआधी पाटील दमणीतून फिरत. दमणी म्हणजे हलकी पळती बैलगाडी. ती हाकायचा तुळशीराम. डोक्याचे केस पांढरे झालेला, शेत नाही, पोरबाळ नाही, राहणं पाटलांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत. दमणी गेली तेव्हा दिनकर म्हणाला, आता याचं काय काम? पाटील म्हणाले, "आता थो जीप हाकन." आणि त्या वयात तुळशीराम जीप शिकला. मीच शिकवली.

उत्तम चालवायचा. फक्त बैलांची बोली सुटली नव्हती. गाडी निघताना तोंडानं "च्यक च्यक" करायचा, चढणीला "चाल माह्या राजा" म्हणायचा, आणि थांबवताना ब्रेक दाबता दाबता "हो... हो... हो..." करायचा. ब्रेक कसे आहेत हे मी त्यालाच विचारायचो. तो म्हणायचा, "दोन 'हो'त उभी राह्यते." किंवा, "आता चार 'हो' लागून राह्यले, मिस्त्री." मी त्यावर विश्वास ठेवून काम करायचो. आजवर त्याचा अंदाज चुकला नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या दोन-तीन दिवसांनी दिनकरचा निरोप आला: जीपचे ब्रेक धरून बसलेत, सोडत नाहीत, रबरी सामान घेऊन लगेच या. निरोपात 'रशीदभाई' होतं.

गेलो. जीप पाटलांच्या दारातल्या कडुनिंबाखाली उभी. हेडलाइटांभोवती गेरूची कडी, बोनेटवर वाळलेलं बाशिंग, आरशाला बैलाच्या तोंडावर बांधतात ते गोंड्याचं म्होरकं. पोळ्याला तिला बैलांच्या मागून तोरणाखालून नेलं होतं. पुढं जायचा मान बैलांचा, असं पाटलांनी बजावलं होतं म्हणे.

ओट्यावर खाकी शर्टातला एक तरुण माणूस चहा पीत बसला होता. खामगावचा ड्रायव्हर. दिनकरनं त्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. झालं असं होतं, की आदल्या दिवशी अकोल्याहून दिनकरचे पाहुणे आले होते आणि तुळशीराम त्यांना घेऊन येत होता. वाटेत चाकं धूर ओकू लागली. नाल्याचं पाणी मारलं तर वाफेचा लोट उठला. पाहुण्यांमधल्या बाई "गाडी पेटली" म्हणून खाली उतरल्या त्या पुन्हा चढल्याच नाहीत. सगळे चिखलातून चालत आले. दिनकरचा संताप समजण्यासारखा होता.

मी पायाखालची झडप उघडली आणि टाकीचं झाकण काढलं. वास मला एकट्याला आला असता तर गोष्ट वेगळी. पण भोवती गाव जमलेलं, आणि तो वास आमच्याकडं रांगतं पोरही ओळखतं.

"जवस!" कोणी तरी म्हणालं.

"घाणीचं जवस," दुसऱ्यानं सुधारलं, म्हणजे तेल्याच्या घाण्यावर काढलेलं.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात. जू वाहून सोललेले असतात ते. मग बैलाच्या कानाशी तोंड नेऊन सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आणि अंगात ताकद यावी म्हणून बांबूच्या नळीनं त्यांना जवसाचं तेल पाजतात. बैलाला ते मानवतं. जीपला मानवत नाही. तेलानं रबराच्या वाट्या फुगतात, टाकीकडं ऑईल परत यायचं बारीक भोक बुजतं, आणि ब्रेक एकदा धरले की सोडायचं नाव घेत नाहीत. म्हणजे एका अर्थानं ताकद आली होती.

दिनकरनं तुळशीरामकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तेल पाजायची नळी गावात गड्याच्याच हाती असते, हे काय विचारायचं?

"तुळशीराम, तू टाकलंस?"

तुळशीरामनं पाटलांकडं पाहिलं. पाटील कडुनिंबाच्या शेंड्याकडं पाहत होते. तिथं काही नव्हतं.

"माह्याच हातानं झालं असन, दिनूभाऊ," तुळशीराम म्हणाला.

"असन म्हणजे? मिस्त्रींनी तुला बजावलं नव्हतं, डब्यातल्या ऑईलशिवाय दुसरं काही टाकायचं नाही म्हणून?"

"बजावलं होतं ना बा."

"मग आजपासून तू गाडीला हात लावायचा नाही. खोलीही या ड्रायव्हरला लागेल. दोन दिवसांत सोय बघ."

तुळशीराम जीपजवळ गेला. जीपच्या आरशावरचं म्होरकं त्यानं सोडलं, घडी करून खिशात ठेवलं आणि गोठ्याकडं गेला.

मी कामाला लागलो. तेल उपसलं, सगळ्या नळ्या स्पिरिटनं धुतल्या, चारही चाकांतल्या आणि टाकीतल्या वाट्या बदलल्या. जुन्या वाट्या सुजलेल्या ओठांसारख्या झाल्या होत्या. दुपार कलली तेव्हा नवं ऑईल भरलं. आता हवा काढायची, आणि पेडलवर माणूस पाहिजे. पेडलवर नेहमी तुळशीरामच बसायचा.

खामगावचा ड्रायव्हर म्हणाला, "मी चालवतो, बनवत नाही." दिनकर पांढरी पँट सांभाळत बसला, पण त्याला घाई. मी "सोड" म्हणायच्या आधीच तो सोडायचा आणि विचारायचा, "झालं?" दोनदा सगळं वाया गेलं. मग तो पाहुण्यांकडं जातो म्हणून गेला.

"थांब, म्या बसतो," बापूराव पाटील म्हणाले, आणि बसले.

मी मागच्या डाव्या चाकाखाली सरकलो. "मारा, पाटील!"

त्यांनी मारलं.

"धरा, पाटील!"

"हाव, धरून राह्यलो ना मिस्त्री, तू कर तुह्यं काम," पाटील म्हणाले. एवढं वाक्य पूर्ण होईपर्यंत त्यांचा पाय अर्धा वर आलेला. हवा आत. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी बाहेर आलो.

"पाटील, असं नाही जमायचं. मी एक शब्द बोलीन, तुम्ही एक शब्द बोला. 'धर' म्हटलं की 'धरला'. 'पाटील' म्हणण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात हवा शिरते."

"म्हणजे तू मले 'धर बे' म्हणशीन?"

"'बे' नाही म्हणणार. त्यातही वेळ जातो."

पाटील विचारात पडले. भोवती पाच-सात माणसं अजून उभी होती. "जा रे बाप्पा आपापल्या घरी," पाटील त्यांना म्हणाले. ती गेली. "अन् आदर?"

"आदर चहाच्या वेळी."

"मंग म्हण," पाटील म्हणाले.

"मार!"

त्यांनी मारलं.

"धर!"

"धरला."

"सोड!"

नळीतून फसफसून बुडबुडे आले होते. डावं मागचं चाक होईपर्यंत पाटील शिस्तीत होते. मी उजव्या मागच्या चाकाकडं सरकलो तेव्हा वरून आवाज आला.

"मिस्त्री. जवस पाजलं तं बैल मरते का?"

"नाही. धर!"

"धरला. उलट तुकतुकीत होते. कोशा अन् हिऱ्या पाह्यले होते ना तू? दमणीचे?"

"पाहिले होते. सोड!"

"माणूस वळून पाहे त्यायच्याकडं. जीप आली अन् दिनू म्हणे, उभं बांधून खाऊ घालाले काऊन ठेवता? देऊन टाकले. पिंपळगाव राजाच्या माणसाले. नेताना हिऱ्यानं मांगं वळून पाह्यलं. कोशानं नाही पाह्यलं. कोशा पह्यल्यापासून मानी."

"मार. धर!"

"धरला."

उजवं मागचं झालं. मी पुढं सरकलो, डाव्या पुढच्या चाकापाशी. आता आवाज जवळून येत होता, कारण पायाखालची झडप उघडीच होती.

"हे जीप उभी हाय ना मिस्त्री, याच निंबाखाली बांधत होतो त्यायले. त्या दिवशी शेतातल्या बैलायचे खांदे चोळले. नळी हातात. आदत असते माणसाले. पाय आपोआप निंबाखाली आले."

माझा पाना हातातच राहिला. 'धर' म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही.

"काऊन थांबला बे?" पाटील म्हणाले. आता तेच 'बे'वर आले होते.

"धर!"

"धरला. राह्यलेलं थोडं बोनेटले चोळलं. अन् दिव्यापाशी तोंड नेऊन आवतन देल्लं. कोणाले, तं लोखंडाले."

"सोड!"

शेवटचं चाक उजवं पुढचं, बरोबर पाटलांच्या पायाखालचं. मला त्यांची वहाण दिसत होती. पेडलवर ती थरथरत होती.

"तुळशा कंदील धरून उभा होता," पाटील म्हणाले. "म्हणे, मालक, मिस्त्रीनं नाही म्हणून सांगतलं हाय. म्या म्हणलं, जनावर माह्यं, तू कंदील धर."

"धर!"

"धरला."

बोल्ट सैल केला. बाटलीत स्वच्छ, पिवळसर धार आली. मी वाट पाहिली. एकही बुडबुडा नाही.

"सोड."

पाटलांनी पाय उचलला नाही. "मिस्त्री, फॅक्टरीतूनच तेल भरून आलं होतं असं म्हणता येते का रे?"

"म्हणता येतं, पाटील. पण फॅक्टरीत घाणीचं जवस नसतं."

 मग पाय उचलला गेला.

दिनकर परत आला. मी म्हटलं, काम झालं, आता एकदा चालवून पाहावी लागेल, नाल्याच्या उतारावर. खाकी शर्टानं कप ठेवला आणि उठला. दिनकरनं त्याच्या हातात किल्ली दिली.

"ते किल्ली आण इकडं," बापूराव म्हणाले. मग गोठ्याकडं तोंड करून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "तुळशा! ये, चढ!"

"बाबा, त्याच्यामुळंच तर..."

"त्याच्यामुळं नाही. तेल म्या पाजलं."

पांगलेली माणसं भराभर परत आली. असल्या वाक्याला आमच्या गावात फार लांबून ऐकू जातं.

"तुम्ही?" दिनकर म्हणाला. "बाबा, जीप बैल नाही!"

"हे घेताना सांगाचं होतं."

"आणि तो म्हणतो माझ्या हातानं झालं..."

"थो म्हणनच. तू इचारलं तवा मी निंबाकडं पाहून राह्यलो होतो. तेही म्याच केलं." पाटील जीपमध्ये चढून बसले. "चल बे तुळशा, उशीर होऊन राह्यला."

तुळशीराम आला. खिशातून म्होरकं काढून त्यानं आधी आरशाला बांधलं, मग बसला. मी मागं चढलो. माझ्या कामाची हमी मी नेहमी मागच्या सीटवर बसून देतो. नाल्याचा उतार चांगला खडा आहे, आणि खाली पाणी होतं. लोक वर काठावर उभे राहिले. तुळशीरामनं "च्यक च्यक" केलं, जीप सुटली, वेग आला. पाटलांनी समोरची दांडी धरली. पाण्याच्या अलीकडं तुळशीराम म्हणाला, "हो."

जीप उभी राहिली.

आम्ही तिघंही पुढच्या 'हो'ची वाट पाहत होतो. तो लागला नाही.

खामगावचा ड्रायव्हर जेवून गेला. चांगला माणूस होता. पुढं कधी भेटला की विचारायचा, "तुमची जीप काय पिते सध्या?"

पुढच्या पोळ्याला पाटलांनी मला मुद्दाम बोलावलं. खांदेमळणीच्या संध्याकाळी मी पोहोचलो. पाटील हळद-लोण्याची वाटी घेऊन एकेका बैलाजवळ जात होते, खांदा चोळत होते, कानाशी बोलत होते. मग ते निंबाखाली जीपजवळ आले. जीपच्या झडपेला दिनकरनं एक छोटं कुलूप लावून घेतलं होतं आणि त्याची किल्ली तुळशीरामच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात होती. पाटलांनी कुलपाकडं पाहिलं, किल्लीकडं पाहिलं. तुळशीराम निंबाच्या शेंड्याकडं पाहत होता. पाटलांनी मडगार्डला हळदीचं एक बोट लावलं, तेवढंच.

वाटीत थोडं लोणी उरलं होतं. ती घेऊन ते तुळशीरामसमोर उभे राहिले.

"तुळशा, आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"मालक, मी का बैल होय?"

"बैल असता तं खांदा दाखवला असता. मांगल्या साली माह्या जुवाखाली सोलला होता थो. सगळ्यायनं पाह्यला, म्या नाही पाह्यला." पाटलांनी वाटीत बोटं बुडवली. "कर इकडं."

तुळशीरामनं गळ्यातला किल्लीचा दोरा बाजूला सारला. मग त्यानं बंडीची गुंडी काढून खांदा उघडा केला.

दिनकर पायरीवर उभा होता, तो आत गेला. मला आत जायला जागा नव्हती, म्हणून मी जीपखाली गेलो. तिथं काही काम नव्हतं. खालून मला दोघांचे पाय दिसत होते, एकाचे वहाणांतले आणि दुसऱ्याचे अनवाणी. बराच वेळ कोणाचाच पाय हलला नाही, आणि 'सोड' म्हणायला त्या दिवशी मला कोणी बोलावलं नव्हतं.